“तिच्या रगतातच खोट हाय”: बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबाचं प्रकरण

जून २०२२. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता, पेरणीची घाई होती, आणि तशातही एका मुलीला घेऊन घरची पाच माणसं माझ्या दवाखान्यात आली होती. मुलगी २३ वर्षांची, सहावा महिना संपत आलेला. प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदरपणाच्या तपासण्या झाल्या, त्यात हिपॅटायटिस बीची, म्हणजे यकृताच्या एका विषाणूसंसर्गाची, चाचणी पॉझिटिव्ह आली होती. सोबत सासू, नवरा, तिची आई, धाकटा भाऊ आणि सासरकडचे एक शिकलेले मामा. मी कागद हातात घ्यायच्या आत सासूबाई उभ्या उभ्याच बोलल्या, “डाक्टरसाहेब, तिच्या रगतातच खोट हाय. लग्नाला तीन महिने झाले न् माझ्या लेकाला कावीळ झाली. तिला आजवर साधा तापबी नाही. आमी काय समजायचं?”

मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिची आई भिंतीला टेकून गप्प. मामांनी मुद्द्याचं विचारलं, “हे जीन्सचं असतं ना सर? एखादी डीएनए टेस्ट करून टाकू. खरं काय ते कळेल, मग पुढचं ठरवता येईल.” पुढचं म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळत होतं. मुलीला माहेरी धाडायचं की ठेवून घ्यायचं.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण सासूबाईंनी सांगितलेल्या गोष्टी खऱ्या होत्या. मुलाला लग्नानंतर कावीळ झाली, हे खरं. ती बहुधा बायकोकडून आली, हेही खरं. बायकोला कधीच काही झालं नाही, हेही खरं. फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा होता. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

घरातले कागद

हिपॅटायटिस बी एका माणसात सापडला की तपासणी त्या माणसापुरती ठेवून चालत नाही, घर तपासावं लागतं. पुढच्या तीन आठवड्यांत एकेकाचे रिपोर्ट हातात आले. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. तेव्हापासून या तपासण्या आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्यामुळे पैशावाचून काही अडलं नाही.

मुलीच्या रक्तात विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन होतं आणि ‘ई’ प्रतिजन हे त्याचं दुसरं प्रथिनही होतं. ते असलं की विषाणू जोरात वाढतो आहे असं समजायचं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, एका मिलिलिटरला १७ कोटी. यकृताची एन्झाइम्स मात्र नॉर्मल. एवढा विषाणू अंगात आणि यकृत शांत.

नवरा २७ वर्षांचा. त्याच्या रक्तात विषाणू नाही. संसर्ग होऊन गेल्याची खूण आहे आणि संरक्षक प्रतिपिंडं भरपूर. म्हणजे आजार आला, शरीराने तो झटकून टाकला.

मुलीची आई ४५ वर्षांची. पॉझिटिव्ह. पण तिच्यात ‘ई’ प्रतिजन संपलेलं, व्हायरल लोड दीड हजाराच्या आत. मुलीचे वडील निगेटिव्ह, जुन्या संसर्गाची खूण मात्र आहे. जावयासारखंच त्यांचंही शरीर कधीतरी जिंकलेलं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. थोरला भाऊ २६ वर्षांचा, पुण्याकडे कंपनीत कामाला. सुट्टीत गावी आला तेव्हा साधी चाचणी केली, पॉझिटिव्ह. धाकटा १९ वर्षांचा, लातूरला डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स, करतो. त्याच्यात संसर्गाची खूणच नाही. पण कोर्सला प्रवेश घेताना लसीचे तिन्ही डोस घेऊनही संरक्षक प्रतिपिंडांचा आकडा फक्त ३. किमान १० लागतो.

आईने हा सगळा हिशेब ऐकला आणि पहिल्यांदा बोलली, “साहेब, एकाच कुशीतली तीन लेकरं. दोघांत हाय, तिसऱ्यात नाही, त्याला लस लागू होईना. मंग रगताचंच झालं ना हे?”

वरवर बघितलं तर तसंच दिसत होतं. आई, मुलगी, थोरला मुलगा, एका रक्ताची तीन माणसं पॉझिटिव्ह. बाहेरून आलेला जावई बरा झालेला.

कावीळ ही त्याची लढाई होती

नवऱ्याने खिशातून एक वाळलेली माळ काढून टेबलावर ठेवली. लग्न मे महिन्यातलं, श्रावणात डोळे पिवळे झाले. शेजारच्या तालुक्यात कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. चुन्याच्या पाण्याने हात धुतले, पाणी पिवळं निघालं. डोक्यावर माळ ठेवली. मुळीच्या बोटभर काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेल्या. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबत जाते. डोक्यावरून ती गळ्यात उतरली, गळ्यातून पोटापर्यंत आली, तशी कावीळ उतरली असं घरच्यांनी मानलं. दीड महिना बिनतेलाचं खाणं, ताक-भाकरी, उसाचा रस. आणि तो खरोखर बरा झाला.

संसर्ग झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत हिपॅटायटिस बीला दीड ते सहा महिने लागतात. मे ते श्रावण हा काळ त्यात बरोबर बसतो. पण महत्त्वाचं पुढेच आहे. हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी मारत नाही. तो पेशीत शिरतो, तिच्या केंद्रकात ठाण मांडतो आणि तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. पेशीचं काम चालूच राहतं. यकृत दुखावतं ते आपल्याच प्रतिकारशक्तीने. ती बाधित पेशी ओळखते आणि एकेक करून संपवते. म्हणजे त्याला आलेली कावीळ ही त्याच्या शरीराने दिलेल्या झुंजीची खूण होती. मुलीला कधी कावीळ झाली नाही, कारण तिच्या शरीराने कधी झुंज दिलीच नाही.

हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

पण मग तिच्या शरीराने झुंज का दिली नाही? “खोट” असलीच, तर या प्रश्नात आहे. इथे जनुकांचं बोलावंच लागतं.

मोंढ्यातला वाणवळा

मोंढ्यात माल विकायला नेला की आडत्या आधी वाणवळा बघतो. पोत्यातून मूठभर दाणे काढून तळहातावर घेतो, बोटाने पसरतो, खडा-माती बघतो आणि मग भाव बोलतो. पोतं रिकामं करून कुणी बघत नाही.

आपल्या पेशीही असाच वाणवळा दाखवतात. पेशीच्या आत जी प्रथिनं बनतात त्यांचे बारीक तुकडे बाहेरच्या भिंतीवर एका खाचेत मांडून ठेवलेले असतात. प्रतिकारशक्तीच्या गस्तीवरच्या टी-पेशी येतात आणि तुकडे तपासतात. ओळखीचा तुकडा असला तर पुढे जातात, परका दिसला तर हल्ला. ही मांडणी करणारे रेणू म्हणजे एचएलए. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एका ठिकाणी दाटीने बसलेली आहेत, आणि माणसामाणसांत जितका फरक या जनुकांत असतो तितका दुसऱ्या क्वचितच कुठल्या जनुकांत असेल. तळहात तोच, पण खाचेचा आकार माणसागणिक वेगळा. एकाच्या खाचेत विषाणूचा तुकडा नीट बसतो आणि लगेच नजरेत येतो, दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही. मुलाला अर्धे एचएलए आईकडून मिळतात, अर्धे वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडांतही ते सारखे असतीलच असं नाही.

हा फरक हिपॅटायटिस बीमध्ये मोजलाही गेला आहे. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी संपूर्ण जनुकसंच चाळून दाखवलं की एचएलए-डीपी या एचएलएच्याच एका गटाच्या जनुकांतला विशिष्ट प्रकार ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यात हा संसर्ग कायमचा राहण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते. थायलंडच्या रुग्णांतही तेच दिसलं. नंतरच्या अभ्यासांत एचएलए-डीक्यूचंही नाव आलं. म्हणजे मामांचं म्हणणं सपशेल चूक नव्हतं. रक्तात फरक असतो, आणि तो विषाणूच्या बाबतीत दिसतो.

आता दुसरा आकडा बघा. हिपॅटायटिस बी जन्माच्या वेळी झाला तर १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो कायमचा राहतो. एक ते पाच वर्षांच्या वयात झाला तर साधारण ३० मुलांत राहतो. धडधाकट मोठ्या माणसाला झाला तर १०० पैकी पाचांतसुद्धा राहत नाही.

जनुकाने शक्यता निम्मी होते किंवा दुप्पट. संसर्गाच्या वेळच्या वयाने ती पाचाची नव्वद होते, म्हणजे अठरा पट. ही दोन वजनं एका तराजूत घातली की या घरात काय घडलं ते स्वच्छ दिसतं.

जावई आणि सासरे, दोघांचं रक्ताचं नातं काहीच नाही. दोघेही बरे झाले. त्यांच्यात सारखं काय? दोघांनाही संसर्ग मोठेपणी झाला, लग्नानंतर. मुलगी आणि थोरला भाऊ, दोघांनाही तो आईकडून जन्माच्या वेळी मिळाला. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती आपलं काय आणि परकं काय हे अजून शिकतच असते. आईच्या रक्तातलं ‘ई’ प्रतिजन आकाराने लहान असतं, वार ओलांडून बाळापर्यंत जातं. त्यामुळे बाळाच्या टी-पेशींना या विषाणूची आधीपासूनच सवय लागते, असं मानलं जातं. नंतर खाच कशीही असो, वाणवळा समोर आला तरी टी-पेशी त्याला घरचाच समजतात.

धाकटा सुटला, कारण तो होईपर्यंत आईचं ‘ई’ प्रतिजन गेलेलं असणार. ते असताना लस न मिळालेल्या बाळांपैकी ७० ते ९० टक्के बाळांना संसर्ग होतो. ते गेल्यावर हे प्रमाण १० ते ४० टक्क्यांवर येतं. आई तीच आणि कूसही तीच, पण त्या कुशीतला विषाणू सात वर्षांत मंदावला होता.

मी मुलीच्या आईला विचारलं, ही कुठे जन्मली? “फडावर,” ती म्हणाली. जानेवारीचा महिना, कोल्हापूरकडचा कारखाना. दिवसभर मोळ्या बांधल्या, रात्री कोपीत कळा सुरू झाल्या, टोळीतल्या म्हातारीने नाळ कापली. आठव्या दिवशी कोयता परत हातात, कारण उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फिटायची होती. हे सांगताना तिच्या आवाजात अपराधीपणा होता. तो दूर करणं मला औषधापेक्षा गरजेचं वाटलं. हे १९९९ साल. तेव्हा मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं असतं तरी ही लस मिळाली नसती. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात हिपॅटायटिस बी २००२-०३ च्या सुमारास मोजक्या ठिकाणी प्रायोगिक म्हणून आली आणि देशभर पोचायला २०११-१२ उजाडलं. दोष तिचा नव्हता, तिच्या कोपीचाही नव्हता.

धाकट्याची लस

इथे मी स्वतः घसरणार होतो. तीन डोस घेऊनही आकडा ३, हे बघून माझ्या डोक्यात पहिल्यांदा एचएलएच आलं. लसीला दाद न देणाऱ्या लोकांत एचएलए-डीआरबी१ चे काही प्रकार, खास करून ०३ आणि ०७, जास्त आढळतात. हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. मी तसं बोलूनही गेलो असतो, आणि त्या घरात “रगताची खोट” कायमची शिक्कामोर्तब झाली असती. सुदैवाने आधी विचारलं, “सुई कुठे टोचली होती?”

त्याने कमरेच्या खाली हात नेला. तिन्ही वेळा तिथेच. ज्यांनी टोचली त्यांच्याकडे सगळी इंजेक्शनं तिथेच देतात.

ही लस मोठ्या माणसाला दंडात द्यायची असते. नितंबावर दिली तर ती बऱ्याचदा चरबीतच राहते, स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि प्रतिपिंडं कमी बनतात. हे जुनं, पक्कं ज्ञान आहे. तरीही आमच्याकडे इंजेक्शन म्हटलं की रुग्णच पालथा होतो. धाकट्याला पुन्हा तीन डोस दिले, दंडात. शेवटच्या डोसनंतर दीड महिन्याने आकडा आला १८६. जनुकं तीच होती, फक्त टोचायची जागा बदलली होती.

जनुक तपासणी का केली नाही

मामा दोनदा फोनवर तेच विचारत राहिले. मी ठाम नकार दिला. त्या तपासणीचं उत्तर काहीही आलं असतं, तरी मुलीच्या गोळ्या बदलणार नव्हत्या की बाळाची लस बदलणार नव्हती. बदललं असतं ते एकच, सासरच्यांच्या हातात तिच्याविरुद्ध छापील कागद आला असता.

जनुक तपासणी कधीच कामाची नसते असं मी म्हणत नाही. हिपॅटायटिस सी मध्ये ती खरोखर उपयोगी होती. एकोणिसाव्या गुणसूत्रावर इंटरफेरॉन लॅम्डाच्या जनुकांजवळ एका अक्षराचा फरक आहे. तो अनुकूल असला तर विषाणू आपोआप जाण्याची आणि इंटरफेरॉनच्या उपचाराने बरं होण्याची शक्यता दुपटीहून अधिक वाढते, हेही २००९ मध्येच सापडलं. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर घ्यावी लागत, ताप आणि अशक्तपणाने माणूस हैराण होई. म्हणून ती सुरू करावीत की नाही हे ठरवायला डॉक्टर ही तपासणी मागवत. मग सोफोसबुविरसारख्या गोळ्या आल्या. तीन महिन्यांत बहुतेक सगळे बरे होऊ लागले, अक्षर कुठलंही असो. तपासणी मागे पडली. हिपॅटायटिस बीला तेवढं सोपं औषध अजून नाही, पण त्याला आधीच अडवणारी लस आहे. ती कुठल्याही एचएलएच्या बाळाला द्यायचीच असते.

सप्टेंबर ते पुढचा सप्टेंबर

व्हायरल लोड दोन लाखांच्या वर असेल तर जन्मताच दिलेली लस आणि प्रतिपिंडाचं इंजेक्शन असूनही काही बाळांना संसर्ग होतो. म्हणून २८ वा आठवडा लागताच मुलीला टेनोफोविर हे विषाणूची वाढ रोखणारं औषध सुरू केलं, रोज एक गोळी. गोळ्यांची बाटली ती देवळीत कुंकवाच्या डबीशेजारी ठेवायची, म्हणजे विसर पडायचा नाही. ३६ व्या आठवड्यात लोड १७ कोटींवरून साडेअकरा हजारांवर आला.

सप्टेंबरच्या मध्यात उपजिल्हा रुग्णालयात ती बाळंत झाली. मुलगी झाली, नैसर्गिक प्रसूती. या आजारासाठी सिझेरियनची गरज नसते. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे ते प्रतिपिंडाचं इंजेक्शन, आधीच मागवून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. जन्मानंतर दोन तासांच्या आत एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. पहिले २४ तास हातचे गेले तर या लसीचा निम्मा अर्थ जातो, त्यातही १२ तासांच्या आत दिली तर उत्तम. अंगावर पाजायला मी त्याच दिवसापासून सांगितलं. सासूबाईंनी वेगळं ताट, वेगळा पेला काढून ठेवला होता. त्याची गरज नाही, हा आजार ताटा-पेल्यातून जात नाही, ब्लेड तेवढं कुणाचं वापरू नका, एवढं समजावलं. ताट परत मांडणीवर गेलं की नाही, ते बघायला मी गेलो नाही. पण पुढच्या खेपेला मुलगी स्वतःच हसून म्हणाली, “सर, आता एकाच ताटात जेवतो.”

खरी काळजी दिवाळीनंतरची होती. बाळाचे पुढचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या अखेरीस. उचल घेतलेली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, ती मागे राहिली तर अर्धा कोयता, आणि मुकादमाला अर्धा कोयता चालत नाही. यातला पहिला डोस गावात झाला. दुसऱ्या आठवड्यात ती दीड महिन्याचं बाळ घेऊन टोळीबरोबर सांगलीकडे गेली. मी माता-बाल संरक्षण कार्डावर दोन तारखा लाल पेनने लिहून दिल्या आणि नवऱ्याला सांगितलं, कामाचा खाडा झाला तरी या दोन दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जायचंच. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने गाडीच्या जुवाला नाही, स्वतःच्या बनियनच्या खिशात ठेवलं. पट्टा पडून, म्हणजे गाळपाचा हंगाम संपून, एप्रिलमध्ये ते परत आले तेव्हा दोन्ही तारखांसमोर तिकडच्या परिचारिकेची सही होती. एक दोन दिवस उशिराची, एक अगदी वेळेवर.

पुढच्या सप्टेंबरात बाळ एक वर्षाचं झालं तेव्हा रक्त तपासलं. विषाणू नाही, संरक्षक प्रतिपिंडं ४१२. सासूबाईंनी रिपोर्ट हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो नातीच्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, “हिचं रगत कुणावर गेलं म्हनायचं मग?” मी म्हणालो, “दोघांवर, मावशी. अर्धं हिच्यावर, अर्धं तुमच्या लेकावर.”

मुलीच्या गोळ्या बाळंतपणानंतर बारा आठवड्यांनी थांबवल्या. तेव्हापासून तिच्या यकृताच्या तपासण्या ठरावीक अंतराने चालू आहेत, कारण शांत असलेलं यकृत केव्हा पेटेल ते आधी कळत नाही. तिची आई दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला येते.

थोरला मात्र अजून आलेला नाही. त्याची फक्त पहिली चाचणी झाली आहे. व्हायरल लोड नाही, एन्झाइम्स नाहीत, सोनोग्राफी नाही. त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे आणि कागद बाहेर फुटला तर लग्न मोडेल, अशी त्याला भीती आहे. बहिणीच्या बाबतीत काय काय बोललं गेलं ते त्याने ऐकलेलं आहे. फोनवर तो एकच सांगतो, “सर, मला काहीच होत नाही. साधा तापसुद्धा नाही.” पाडव्याला गावी येतो म्हणालाय. त्याच्या तपासण्यांची चिठ्ठी मी धाकट्याजवळ देऊन ठेवली आहे.